बंद लाईनीतले बेचाळीस अँपिअर

बाळारामदादा, यार्डाच्या दाराशी तुम्ही बांधलेलं पेन अजून तिथंच लटकतं. दोरी दोनदा बदलली. तुमच्या तेराव्याहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, तेव्हा त्या पेनाकडे मी जरा वेळ पाहत उभा राहिलो.

आज माझी साप्ताहिक सुट्टी. महाडच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहितो आहे. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती, मागे कोण, हे लिहिणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि ज्यांना ठाऊक हवं त्यांनाही. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक तुमच्याशी बोलायची राहिली. दुसरी, तुम्ही गेलात त्या दिवशी घडली.

दुसऱ्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांना कळावं म्हणून आपलं काम थोडक्यात लिहितो. पोलादपूरच्या अलीकडे एका लहान वीज उपकेंद्रात आपण दोघं यंत्रचालक. इथून तीन लाईनी निघतात, त्यांना आपण फीडर म्हणतो: बाजार, पाणीपुरवठा आणि वाड्या. तिसरा डोंगरावरच्या सगळ्या वाड्यांना वीज देतो, तुमच्या घरालाही तोच. दर तासाला प्रत्येक फीडरवर किती अँपिअर जातात, ट्रान्सफॉर्मरचं तेल किती तापलं आहे, हे पाहून लॉगशीटमध्ये एक ओळ लिहायची. पाळीला आठ ओळी. फीडर पडला की घंटा होते. मग थोडं थांबून तो एकदा चालू करून बघायचा. टिकला नाही तर लाईनमनला कळवायचं आणि तो खांबावरून उतरल्याचं सांगेपर्यंत हँडलला हात लावायचा नाही. बस, एवढंच काम.

आणि बहुतेक दिवशी यातलं काहीच घडत नाही. दहाला बाजार शहाण्णव अँपिअर असला तर अकरालाही पंचाण्णव-सत्त्याण्णवच असतो. महिनाभर बसलं की आकडे पाठ होतात. मग माणूस दोन वाजताच तीनची आणि चारची ओळ भरून ठेवतो. मीही ठेवायचो. आपल्या कामाशिवाय दुसऱ्या कुठल्या कामात ही चूक होत असेल असं मला वाटत नाही: न झालेल्या तासाचं मोजमाप करून ठेवायचं आणि खाली सही करायची.

तेरा वर्षांपूर्वी एका दिवशी माझी पहिली पाळी होती, आठ ते चार. खात्याची परीक्षा जवळ आली होती आणि मी टेबलाखाली पुस्तक उघडून बसलो होतो. दोन वाजता मी दोन, तीन आणि चार अशा तिन्ही ओळी लिहून टाकल्या. वाड्या फीडरला तिन्ही ठिकाणी बेचाळीस. दोन पंचवीसला वाड्या पडला. चालू करून बघितला, पुन्हा पडला. लाईनमनला फोन केला, हँडलला 'चालू करू नका'ची पाटी अडकवली, बंद पडल्याची नोंद दुसऱ्या रजिस्टरात मिनिटासकट केली. सगळं नियमाप्रमाणं. आणि पुन्हा पुस्तक उघडलं.

पावणेचारला तुम्ही चार्ज घ्यायला आलात. चप्पल काढली, डबा खिडकीत ठेवला आणि लॉगशीटवर वाकलात. मला वाटलं नेहमीसारखं बघताय.

"वाड्या आला काय?" तुम्ही विचारलंत.

"नाही. लाईनमन खांबावर आहे."

"मंग ह्ये बेचाळीस अँपिअर खयच्या वाडीत चाललंत?"

मला आधी कळलंच नाही. मग घड्याळ पाहिलं. चार वाजायला चौदा मिनिटं कमी होती, आणि चारच्या ओळीत, माझ्या सहीनिशी, बंद लाईनीतून बेचाळीस अँपिअर वाहत होते.

मी म्हणालो, पाटी लावली आहे ना, दुसऱ्या रजिस्टरात बरोबर लिहिलं आहे. तुम्ही पाटीकडे बघितलंत, कागदाकडे बघितलंत. आवाज चढवला नाही.

"पाटी सुतळीला हाय. सुतळी तुटली नि पाटी खाली पडली. मी आलो, कागद बघितला, चारला वाड्या चालू व्हता. म्हंजे आत्ताच पडला. तर मी काय करनार? एकदा चालू करून बघनार. खरा का नाय?"

खरंच होतं. मीही तेच केलं असतं. आणि वर खांबावर माणूस होता.

पाटी पडली नव्हती. काही झालं नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना तो लाईनमन खाली उतरला, त्यानं फोन केला, तुम्ही फीडर चालू केलात. त्याला आजही यातलं काही माहीत नाही. पण त्याआधी तुम्ही मला त्या ओळींवर एक-एक सरळ रेघ मारायला लावलीत, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी खरं काय ते लिहायला लावलंत. मी म्हटलं पान फाडू या, तुम्ही चार्जबुक उघडलंत. त्यात लिहिलंत, ते वर गेलं. मला खुलासा मागितला गेला, आणि त्या वर्षी प्रधान यंत्रचालकाची जागा निघाली ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी कनिष्ठ माणसाला मिळाली.

सात महिने मी तुमच्याशी चार्ज देण्याघेण्यापलीकडे बोललो नाही. तुम्ही मात्र तसेच राहिलात. "काय आकडेमास्तर, बेस हायस ना?" आणि मी रजिस्टर पुढं सरकवायचो.

त्याच दिवसांत तुम्ही टेबलावरचं पेन उचलून यार्डाच्या दाराच्या कडीला बांधलंत. टेबलापासून दार अकरा पावलं. वाटेत तिन्ही पॅनेल लागतात आणि दाराबाहेर ट्रान्सफॉर्मर. लिहायचं तर उठायलाच हवं, आणि उठलं की सगळं डोळ्यांसमोरूनच जाणार. साहेब आले की हसायचे. लॉगशीटचा पॅड हातात घेऊन, दाराशी उभं राहून लिहायला लागायचं म्हणून बाकीचे कटकट करायचे. तुम्ही प्रत्येक पॅनेलसमोर थांबून, काट्यावर बोट रोखून मोठ्यानं म्हणायचात, "बाजार, शहान्नव. पानी, एकतीस." कुणी नसलं तरी. मी बाहेर बाकावर माझ्या पाळीची वाट बघत असायचो आणि मनात म्हणायचो, नाटक.

मग ते प्रशिक्षण आलं. ठाण्याहून एक बाई आल्या होत्या, कामाच्या ठिकाणी सजग कसं राहावं हे शिकवायला. आपण चाळीसएक जण हॉलमध्ये. प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवला आणि डोळे मिटून त्याचा वास घ्या, स्पर्श अनुभवा, असं सांगितलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि तुमचं तोंड हलत होतं. त्यांनी विचारलं, काय जाणवलं? तुम्ही म्हणालात, "खाल्ला." हॉल हसला, त्याही हसल्या. पुढं त्यांनी शंका विचारल्या तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात.

"म्याडम, फुडच्या तासाचा आकडा आत्ताच लिवून ठेवला नि तो तासानं बरोबर निघाला. तर त्यो खरा का खोटा?"

त्या विचार करून सांगते म्हणाल्या. चाळीस जणांपुढे तुम्ही माझं प्रकरण काढलंत असं मला वाटलं.

परतीच्या एसटीत मी मुद्दाम तुमच्या शेजारी बसलो. सात महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, मला सगळ्यांसमोर उघडं पाडायची काय गरज होती?

"तुझा नाय रे, माझा इचारत व्हतो," तुम्ही म्हणालात. मग सांगितलंत की पहिली सहा वर्षं तुम्हीही ओळी भरून ठेवायचात. पुढच्या दोन-दोन, तीन-तीन. मी विचारलं, मग सोडलं कसं? कुणी पकडलं? तर म्हणालात, कुणी नाही. एकदा तीन तासांच्या ओळी भरून झोपलात, उठलात, पॅनेल बघितलं, तर प्रत्येक आकडा तंतोतंत जुळला होता.

"जमलं म्हनून भ्यालो. चुकला असता तर बरा. जमला म्हंजे आता मी बघायचा कशाला?"

ते वाक्य मी नीट ऐकलं असतं तर आज हे पान लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या डोक्यात ती गेलेली जागा होती. मी म्हणालो, "दादा, तुम्हाला पुढं जायचंच नव्हतं. परीक्षा नाही, बदली नाही. म्हणून तुम्हाला आत्ता काय चाललंय ते बघत बसणं परवडतं. मला घर पुढं न्यायचंय."

तुम्ही खिडकीतून बाहेर बघितलंत. तुमचा थांबा येईपर्यंत बाहेरच बघत होतात. उतरताना नेहमीसारखं "येतो रे" म्हणालात. तो वाद तिथंच थांबला, आणि पुन्हा आपल्यापैकी कुणीच काढला नाही.

वाद मी हरलो होतो, हे हळूहळू कळलं. कळण्याचं कारण साधं होतं. पेन दाराशी होतं, म्हणून उठावं लागत होतं. उठलो की बघत होतो. एकदा तेलाचं तापमान चार अंशांनी जास्त दिसलं, पंखा बंद पडला होता. एकदा बॅटरीचा दाब उतरलेला. मोठं काही नाही. पण तासाला चार मिनिटं मी जिथं होतो तिथंच असायचो, आणि राहिलेली छप्पन्न मिनिटंही मग मोकळी वाटायची. ड्युटीवर टेबलाखाली पुस्तक उघडणं मी सोडून दिलं, कारण ते मला जमतच नव्हतं. ड्युटीत अभ्यास होत नव्हता आणि अभ्यासाच्या नादात ड्युटी होत नव्हती. घरी सकाळी एक तास, फक्त एक, चहाच्या आधी बसू लागलो. दोनदा नापास झालेली परीक्षा तिसऱ्यांदा पास झालो. म्हणजे पुढं जायला आत्ताचं सोडावं लागतं, हे माझं म्हणणं माझ्याच निकालपत्रकानं खोडलं. हे तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं.

घरीही ती सवय आली. बाहेर पडताना मी गॅसच्या बटणावर बोट ठेवून "बंद" म्हणतो. सुनीता हसते, "काय हो, सिलिंडरला सांगताय की मला?" पण चवदार तळ्यापर्यंत गेल्यावर "गॅस बंद केला का" म्हणून परत फिरणं थांबलं, हे तीही मान्य करते. पनवेलला शिकणाऱ्या स्वातीचा फोन आला की मी पूर्वी हूं-हूं करत दुसऱ्या दिवसाची बस ठरवत असायचो. आता खुर्चीत बसून ऐकतो. मागे एकदा ती मध्येच थांबून म्हणाली, "बाबा, आहात ना?" म्हटलं, आहे. तुझ्या मेसचं सांगत होतीस, पुढं बोल.

मला प्रधान यंत्रचालकाची ऑर्डर आली तेव्हा तुमची नोकरी एक वर्ष उरली होती. वयानं, अनुभवानं थोरले तुम्ही, आणि सही माझी. मला अवघड वाटत होतं. पहिल्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलो. दिवसाला तीस ठिकाणी सह्या करायच्या, म्हणून खिशाला नवं पेन लावलं होतं. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "खिशाला पेन आला रे." मी ते कौतुक समजलो. थँक्यू म्हणालो.

तुम्ही निवृत्त झालात, वर वाडीत राहायला गेलात. मी वर्षातून दोनदा यायचो. शेवटचा आलो तो तुम्ही जाण्याआधी महिनाभर. नव्या यंत्रचालकांना शिकवण्याची एक जागा निघाली आहे, माझं नाव विचारात आहे, हे सांगायला. वहिनींनी चहा केला. तुम्ही शेळ्या आत घेत होतात, प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून नाव घेत. नऊ होत्या. मी बांधावर उभा राहून बघत होतो आणि एसटीतलं ते बोलणं मनात आणत होतो. आज बोलायचंच, असं ठरवून आलो होतो. मग वाटलं, आज पदाची गोष्ट निघाली आहे, आज नको. जागा मिळाली की पेढे घेऊन येऊ, तेव्हा सांगू. तुम्ही काय म्हणाल तेही मी ठरवून टाकलं होतं: "जाऊ दे रे आकडेमास्तर."

पुढच्या भेटीची ओळ मी आधीच भरून ठेवली होती, दादा. सहीसकट.

तेराव्याला वहिनींना मी विचारलं की एसटीतल्या त्या वादाचं दादांनी घरी कधी काढलं होतं का, त्यांना लागलं होतं का. वहिनी म्हणाल्या, "हाफिसचा काय घरी बोलायचे नाय ते. घरी आले की घरचाच." मला उत्तर मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही. ती जागा मी कोरी ठेवतो. अंदाजानं भरणार नाही.

आता त्या दिवसाचं.

तुमच्या महेशचा फोन दहा बावन्नला आला. "काका, आबा गेले. सकाळीच." एवढंच बोलला, मागे बायकांचा आवाज होता. नीलम, आपल्याकडची नवी यंत्रचालक, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, बॅटरीच्या खोलीत होती. अकराची नोंद मी घेतो असं मीच तिला सांगितलं होतं. मी बसून होतो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग ती आली आणि पॅड बघून म्हणाली, "सर, तेल अठ्ठावन्नच आहे का?"

मी हो म्हणालो.

"पण यार्डाच्या दाराला आतून कडी आहे."

मी पॅडकडे पाहिलं. अकराची ओळ पूर्ण भरलेली होती. बाजार शहाण्णव, पाणी एकतीस, वाड्या एकोणचाळीस, तेल अठ्ठावन्न. दहाच्या ओळीची हुबेहूब नक्कल, आणि पुढं माझी सही. लिहिल्याचं मला आठवतही नव्हतं. दाराचं पेन दारालाच होतं. माझ्या हातात खिशातलं पेन होतं.

तेव्हा मला खिशाच्या पेनाचं तुमचं ते वाक्य कळलं. चार वर्षांनी.

मी ओळीवर एक सरळ रेघ मारली. उठलो. अकरा पावलं. बोट रोखलं आणि नाव घेतलं. पहिलं नाव दोनदा घेतलं. बाजार, चौऱ्याण्णव. पाणी, एकतीस. वाड्या, एक्केचाळीस. कडी काढून यार्डात गेलो. तेल, साठ. दाराशी उभं राहून, तुमच्या पेनानं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'वरील ओळ न पाहता लिहिली होती. पाहून दुरुस्त केली.'

वाड्या दोन अँपिअरनं वाढला होता. तुमच्या घरी माणसं जमली म्हणून, असं लिहायचा मोह मला होतो आहे. पण अकरा केव्हीवर दोन अँपिअर म्हणजे जवळजवळ अडतीस केव्हीए. एका घराच्या दिव्या-पंख्यानं काटा एवढा हलत नाही. कुठंतरी गिरणी सुरू झाली असेल किंवा पाण्याचा पंप. दोन अँपिअर वाढले होते, एवढंच खरं, आणि मी न उठता बसलो असतो तर तेही कळलं नसतं.

नीलम बिचारी हळू आवाजात म्हणाली, "सर, शुक्रवारी तपासणी आहे, आणि तुमचं नाव यादीत आहे. आपण पान बदलू या. बाकीच्यांच्या सह्या मी आणते. आजच्या दिवशी कोणी नाही म्हणणार नाही."

तिचं खरं होतं. कोणी नाही म्हटलं नसतं. तेरा वर्षांपूर्वी अशाच रेघांनी माझी एक जागा गेली होती, आणि ही जागा मला त्या जागेपेक्षा जास्त हवी आहे. मी तिला म्हटलं, राहू दे. चारला माझ्या जागी माणूस आला, तेव्हा मी वर आलो. तोवर सगळं उरकलं होतं. महेशनं मला पाणी दिलं.

शुक्रवारी तपासणीचे साहेब त्या ओळीवर थांबलेच. भले माणूस आहेत. त्यांनी विचारलं, त्या वेळी काही विशेष घडलं होतं का? मी म्हटलं, एक निरोप आला होता, पण ओळ चुकली ती त्यानं नाही. पेन खिशात होतं म्हणून चुकली. त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

वर्षाला अडीचशे पाळ्या, पाळीला आठ ओळी, सव्वीस वर्षं. बावन्न हजार ओळी होतात. त्यातल्या किती मी खरोखर पाहून लिहिल्या, हा एकच आकडा माझ्याकडे नाही. तुम्ही नसतात तर तो विचारायचंही मला सुचलं नसतं. आणि एसटीत मी जे बोललो ते चूक होतं, दादा. तुम्हाला पुढं जायचं होतं की नव्हतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. न बघता लिहिलेली तीही एक ओळ होती. तिच्यावर आज रेघ मारतो.

यादी लागेल तेव्हा लागेल. नाव आलं तर जाईन, मागे हटणार नाही. पहिल्या दिवशी नव्या लोकांना तुम्ही रेघ मारायला लावलेली ती चारची ओळ दाखवीन, माझी सही न झाकता. नाव नाही आलं तर नीलमला शिकवायचं आहेच.

तेराव्यानंतर कामावर निघालो तेव्हा सुनीतानं दारात शर्टाकडे बघून विचारलं, "पेन विसरलात का?"

म्हटलं, नाही. तिकडे आहे.